रात्री गारठा, सकाळी घाम: घोड्यावर झूल नेमकी कधी घालायची?

दर वर्षी कार्तिक संपत आला की आमच्या पागेत तोच घोळ सुरू व्हायचा. संध्याकाळी साडेसातला आमची घोडी सांभाळणारे मामा चारही जनावरांवर झुली चढवायचे, पट्टे आवळायचे आणि घरी जायचे. सकाळी साडेआठला झूल काढावी, तर राणीच्या मानेखाली, पुढच्या दोन पायांच्या मध्ये आणि मांड्यांच्या आत केस ओलेचिंब. अंगातून वाफ निघतेय. मग तिला तशीच बाहेर बांधायची, खरारा करायचा, आणि आठवडाभरात नाकाला पाणी नाहीतर खोकला. मामांचं निदान ठरलेलं असायचं.

"मालक, जनावर गारठलं. झूल पातळ पडतीय."

मग जाड झूल यायची, आणि जाड झुलीखाली आणखी घाम. असे तीन हिवाळे गेले. मामा माझ्या जन्माआधीपासून घोडी सांभाळतायत, त्यामुळे त्यांना चूक म्हणायची माझी छातीही नव्हती. आता हा प्रश्न सुटलाय. कसा सुटला ते सविस्तर लिहितो, कारण आसपासच्या चार-पाच घोडेवाल्यांची रड हीच आहे.

आधी जागेबद्दल. आम्ही नाशिकच्या उत्तरेला, द्राक्षबागांच्या पट्ट्यात. इथून जवळच्या निफाडचा पारा पाच अंशांखाली गेल्याची बातमी बहुतेक हिवाळ्यांत येते, तेव्हा थंडी इथे कमी नाही. जनावरं चार: राणी ही नऊ वर्षांची काठेवाडी घोडी, तिचं यंदाचं शिंगरू, मुलांना फिरवायला एक तट्टू, आणि रेसमधून निवृत्त झालेला बावीस वर्षांचा खस्सी थरोब्रेड. त्याला सगळे म्हातारबुवा म्हणतात.

पहिली पायरी: पागेत तापमापक टांगा

झुलीचं काहीही ठरवण्याआधी कमाल-किमान तापमापक आणून घोड्याच्या पाठीच्या उंचीवर, उन्हाबाहेर टांगा. मी तो टांगला आणि एक रात्र दर दोन-तीन तासांनी उठून आकडे लिहिले. जानेवारीतली साधी, कोरडी रात्र होती. संध्याकाळी ७ ला २१ अंश. रात्री १० ला १६. पहाटे ३ ला ११. साडेसहाला ८. आणि सकाळी ९ ला पुन्हा १९. दुपारी २८.

म्हणजे थंडी म्हणावी अशी तीन-चार तास, आणि झूल अंगावर तेरा तास. एकवीस अंशात आपण साध्या सदऱ्यावर असतो. त्या वेळी आम्ही राणीला गोधडीत गुंडाळत होतो. सकाळी ऊन पडल्यावर तिच्यावर जाड गडद निळी झूल तशीच, वर पागेचा पत्रा तापतोय, आणि मामांची बस साडेआठची. घाम थंडीचा नव्हताच. तो बसच्या वेळापत्रकाचा होता.

दख्खनच्या पठारावर हीच गोम आहे. इथला हिवाळा सतत गार नसतो. तो रात्रीत वीस अंश खाली उतरतो आणि सकाळी धावत वर चढतो. इंग्लंड-आयर्लंडकडच्या झुलींच्या तक्त्यांत 'इतक्या तापमानाला इतक्या ग्रॅमची झूल' असं लिहिलेलं असतं. (हे ग्रॅम म्हणजे झुलीचं वजन नव्हे, एका चौरस मीटरमध्ये भरलेल्या अस्तराचं वजन.) ते तक्ते जिथे दिवसभर पाच-सात अंश आणि वर रिपरिप, तिथल्या आणि बहुतेक करून केस कापलेल्या घोड्यांसाठी असतात. ते इथे जसेच्या तसे लावले की आमच्यासारखा घोळ होतो. दोनशे ग्रॅमची झूल मीही मागवली होती. ती आता मांजर वापरतं.

घोड्याला थंडी कधी वाजते

आपण स्वतःच्या अंगावरून घोड्याची थंडी मोजतो, तिथेच गल्लत होते. उघड्या अंगाच्या माणसाला पंचवीस अंशांखाली गार वाटायला लागतं. सौम्य हवेत राहणाऱ्या धडधाकट मोठ्या घोड्याला साधारण ५ ते २५ अंशांमध्ये शरीर गरम किंवा गार ठेवायला वेगळी मेहनत पडत नाही. अंगावर हिवाळी केस दाट आले असतील, ते कोरडे असतील आणि वारा नसेल, तर ही खालची हद्द शून्याच्याही बरीच खाली, उणे ८ च्या आसपास जाते. उलट केस आखूड असतील किंवा भिजलेले असतील, तर पंधराच्या आसपासच त्याला शेकोटी आठवायला लागते.

यामागे तीन गोष्टी आहेत. एक, शरीर मोठं आणि त्या मानाने बाहेरची कातडी कमी, त्यामुळे उष्णता हळू जाते. दोन, थंडीत घोडा केस उभे करतो आणि केसांत हवा धरून ठेवतो. आपल्या अंगावर काटा येतो तेच, फक्त त्याच्या काट्याला काही अर्थ असतो. तीन, पोटातली शेगडी. घोड्याच्या मोठ्या आतड्यात कडबा-गवत जंतूंच्या मदतीने आंबतं आणि त्यातून सतत ऊब तयार होत राहते. चंदीने, म्हणजे दाण्याने, अंगात ताकद येते, पण ही शेगडी पेटती राहते ती वैरणीवर. म्हणून गार रात्री मूठभर हरभरा वाढवण्यापेक्षा रात्री दहाला किलो-दीड किलो कोरडं गवत जास्त टाकणं हे झुलीपेक्षा मोठं काम करतं. ४०० किलोच्या जनावराला एरवी दिवसाला सहा ते आठ किलो कोरडी वैरण लागतेच. आमच्याकडे संध्याकाळी सहाला वैरण पडायची आणि दहापर्यंत गव्हाणी चाटून स्वच्छ. पहाटे, म्हणजे गारठ्याच्या ऐन वेळी, शेगडी विझत आलेली.

पाणीही बघा. गार पाणी घोडा कमी पितो, वर कोरडी वैरण जास्त, आणि मग पोट बसून शूळ उठतो. थंडीत सकाळची बादली कोमट दिली तर तो नीट पितो. झुलीवर हजारो रुपये घालणारे लोक याकडे बघतच नाहीत.

केसांबद्दल अजून एक. हिवाळी केस थंडी पडल्यामुळे येतात असं आपल्याला वाटतं, पण मुख्य हुकूम दिवसाच्या लांबीचा असतो. २१ जूननंतर दिवस लहान व्हायला लागला की तयारी सुरू होते, आणि २२ डिसेंबरनंतर दिवस वाढायला लागला की ऐन थंडीतच केस झडायची तयारी सुरू होते. लंडनला सर्वांत लहान दिवस आठ तासांचा आणि मोठा साडेसोळा तासांचा. आपल्याकडे नाशिकला हाच फरक अकरा आणि सव्वातेरा-साडेतेरा तासांचा. त्यामुळे आपल्या घोड्यांना तिकडच्यासारखी अस्वलाची लोकर येत नाही. पण आपली थंडीही तिकडची नसते, हिशेब जुळतो.

इथे आमची दुसरी चूक सापडली. बिबट्याच्या भीतीने पागेत रात्रभर ट्यूबलाइट चालू असायची. घोडी लवकर माजावर यावी म्हणून पैदास करणारे लोक हिवाळ्यात सोळा तास उजेड देतात, आणि त्याने केसही लवकर झडतात. आम्ही फुकटात तेच करत होतो: उजेडाने केस कमी करायचे आणि झुलीने ती कसर भरायची. आता दिवा पागेच्या बाहेर, अंगणाच्या बाजूला तोंड करून लावलाय.

ओलं कुठे आहे ते बघा

झूल काढल्यावर "ओलं आहे" एवढ्यावर थांबू नका. ओल कुठे आहे, त्यावरून कारण कळतं.

मानेखाली, छातीवर, कोपरामागे, मांड्यांच्या आत ओलं असेल, तर घोडा तापला. झूल जाड आहे, किंवा लवकर घातली, किंवा उशिरा काढली. सगळ्या अंगावर ओलसरपणा आणि झुलीच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब असतील, तर कापड श्वास घेत नाही. ताडपत्री, रेक्झिन, प्लॅस्टिकच्या अस्तराची झूल असली की हे होणारच. फक्त पाठीच्या कण्यावर आणि पुठ्ठ्यावर (ढुंगणावर) ओलं, खाली कोरडं, तर वरून पाणी आलंय: दव, गळका पत्रा, नाहीतर झुलीची शिवण. आणि एकाच कुशीला ओलं असेल तर रात्री मुतात बसलाय. त्यात झुलीचा काही दोष नाही, अंथरुण बदला.

ऊब तपासायची तर झुलीखाली हात घालून खांद्याच्या मागे, बरगड्यांवर तळवा टेकवा. कोमट आणि कोरडं लागलं की झालं. गरम आणि दमट लागलं तर ताबडतोब काढा. जुने लोक कान धरून बघतात. मामांनाही तीच सवय. पण कान, पाय आणि शेपटीचं बूड हे घोडा मुद्दाम गार पडू देतो, आतली ऊब वाचवायला. कान गार म्हणजे घोडा गार असं नाही. पागेत यावरून महिनाभर वाद चालला, शेवटी मामांनी स्वतःचा गार कान धरला आणि हसले.

पातळ, चकचकीत झुलीचा घोटाळा

आपल्या मनात झूल म्हटलं की पोळ्याचा बैल उभा राहतो. आरसे, गोंडे, साटीन. घोड्याच्या झुलीही बाजारात बऱ्याचदा त्याच मापाने विकल्या जातात. सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत तापीच्या काठी घोड्यांवर बघाव्या तशा झुली दिसतात. डोळ्यांचं पारणं फिटतं. पण तो दागिना आहे, पांघरूण नव्हे. साटीनची पातळ झूल थंड वाऱ्यात घातली की ती उभे राहिलेले केस दाबून टाकते, केसांतली हवा जाते, आणि स्वतः ऊब देत नाही. घोड्याने घातलेलं पांघरूण काढून आपण त्याला रुमाल दिला असं होतं. तेव्हा नियम साधा: घालायचीच असेल तर दाबलेल्या केसांची भरपाई करेल इतकी उबदार घाला, नाहीतर घालूच नका.

मी दोन पांघरुणं ठेवतो. एक गोणपाटाची, आतून जुन्या ब्लँकेटचं अस्तर लावलेली, गावात शिवून घेतलेली. दुसरी घोंगडी. दख्खनी मेंढीच्या लोकरीची, जाडजूड, टोचरी. लोकर थोडी ओली झाली तरी ऊब सोडत नाही आणि आतली वाफ बाहेर जाऊ देते. तिचा उपयोग पुढे सांगतो.

घोंगडीवरून आठवलं. दिवाळीनंतर धनगरांचे वाडे (मेंढरांसह फिरते तळ) रस्त्याने निघतात, त्यांच्या तट्टांवर बिऱ्हाड लादलेलं असतं, कोंबड्या, भांडी, कधी एखादं लेकरू. ती तट्टं पिढ्यान्‌पिढ्या उघड्यावर राहतात आणि रात्री त्यांच्यावर काही नसतं. घोंगडी धनगराच्या अंगावर. एकदा एका म्हाताऱ्या धनगरबाबांना विचारलं, "बाबा, तट्टाला झूल नाही?" ते म्हणाले, "त्याची त्याच्या अंगावर हाये की." मी परत येऊन पहिल्यांदा आमच्या तट्टाची झूल काढली. तीन हिवाळे झाले, तट्टू ठणठणीत आहे.

मग कुणाला खरंच लागते

म्हातारबुवाला लागते. बाविसाव्या वर्षी दात झिजलेत, गवत नीट चावलं जात नाही, त्यामुळे पोटातली शेगडी अर्धीच पेटते. थरोब्रेडची कातडी पातळ, केस आखूड. शिवाय रेसच्या तबेल्यात वर्षानुवर्षं रात्री झूल घालायची सवय. त्याला मी पारा दहाच्या खाली जाणार असेल तर अस्तराची झूल घालतो, तीही रात्री अकराला, झोपायच्या आधीच्या फेरीत. हा दहाचा आकडा माझ्या म्हाताऱ्यापुरता आहे. तुमच्या म्हाताऱ्याचा तुम्ही हात लावून ठरवा.

हाडं दिसणारा, आजारातून उठलेला, केस कापलेला घोडा याच रांगेत. हिवाळ्यात केस कापले तर ते काम थंडी संपेपर्यंत तुम्ही अंगावर घेतलंत असं समजा. मध्येच झूल बंद करता येत नाही. उष्ण भागातून ऐन थंडीत ट्रकने आलेला घोडा पहिले पंधरा-वीस दिवस सांभाळा. ट्रकमधला रात्रीचा वारा तर वेगळंच प्रकरण आहे. तिथे पुढून ताडपत्रीचा आडोसा करा, पण वर आणि मागे हवा खेळती ठेवा, चारी बाजूंनी बांधून टाकू नका.

शिंगराला मी झूल घालत नाही. मोठ्या घोड्यापेक्षा त्याला थंडी लवकर लागते हे खरं, पण ते लोळतं, उड्या मारतं, पट्ट्यात पाय अडकवून घेतं. वीतभर जाड कोरडं अंथरुण, वाऱ्याच्या बाजूला कुडाचा आडोसा आणि शेजारी आई, एवढ्यावर आमचं शिंगरू उबेत राहतं. अशक्त जन्मलेल्या शिंगराची गोष्ट वेगळी, ती डॉक्टरांच्या सल्ल्याने.

राणीला लागत नाही. कोरड्या, बिनवाऱ्याच्या रात्री आठ अंशाला ती उघडीच असते. पहिल्या रात्री मी तीनदा उठून बघून आलो. तिसऱ्या वेळी तिने कान मागे टाकले.

एक सावधगिरी: वर्षानुवर्षं झूल घातलेल्या घोड्याची झूल जानेवारीत एकदम बंद करू नका. हा बदल पावसाळा सरताना, आश्विनात करायचा, म्हणजे रात्री हळूहळू गार होत जातात आणि अंगही सरावतं. आम्ही राणीची झूल अशाच एका आश्विनात थांबवली.

अवकाळी: तिथे मात्र उशीर नको

कोरड्या थंडीपेक्षा भिजलेला घोडा आणि वारा ही जोडी वाईट. भिजल्यावर केस चिकटतात, हवा धरत नाहीत, आणि पंधरा अंशातही घोडा कुडकुडतो. आपल्याकडे जानेवारी ते मार्चमध्ये अवकाळी पाऊस आणि गारा येतात तेव्हा हे घडतं. क्रम असा ठेवा: आधी आडोसा, मग कापडाने पुसणं, मग वैरण, आणि सर्वांत शेवटी पांघरूण. ओल्या अंगावर ताडपत्रीची झूल टाकली तर आत वाफारा धरतो आणि कातडीचे रोग होतात. केसांची खपली धरून पुंजकेच्या पुंजके निघायला लागतात.

पुसून पूर्ण कोरडं होत नाही. त्यासाठी जुनी युक्ती: पाठीवर गव्हाच्या काडाचा किंवा भाताच्या पेंढ्याचा थर पसरायचा आणि त्यावर गोणपाट किंवा घोंगडी टाकायची, पट्टा सैल. काडातून हवा फिरते, ओल वर येऊन गोणपाटात उतरते, तासाभरात अंग कोरडं. मग काड झटकायचं आणि कोरडी झूल घालायची किंवा नाही ते ठरवायचं.

पावसाळ्यातल्या पावसाचं तंत्र वेगळं. माथेरान-महाबळेश्वरचे घोडेवाले सांगतील, जुलैतला पाऊस गार नसतो, चिवट असतो. तिथे प्रश्न थंडीचा नाही, कातडी कधीच न सुकण्याचा आहे. त्यावर इलाज छप्पर आणि कोरडी जागा. चोवीस तास झूल हा नव्हे.

वरातीची घोडी आणि मध्यरात्रीचा घाम

हा भाग लग्नसराईतल्या घोडेवाल्यांसाठी, आणि यावर मी जरा जास्तच बोलणार. आमच्या वाटेवरच्या एकाची घोडी दर मार्गशीर्षात आजारी पडते. ती रात्री आठपासून अकरापर्यंत मखमली झूल, जरीचा साज, डोक्यावर तुरा, पाठीवर नवरदेव आणि कानाशी डीजे असं सगळं घेऊन नाचते. घामाने निथळते. मग साज उतरतो, घोडी तशीच छोट्या टेम्पोत चढते, आणि बारा अंशांत अर्धा तास वारा खात घरी येते. घरी मालक बघतो, घोडी थरथरतेय, म्हणून घामावरच जाड झूल आवळतो. सकाळी तिचं अंग चिकट, गार, आणि पाठीवर फोड.

इथे झूल लागते, पण वेगळ्या कामासाठी: सुकवण्यासाठी. साज उतरल्यावर आधी पंधरा मिनिटं चालवा. खोगीर आणि तंगाची (खोगिराच्या पोटपट्ट्याची) जागा कापडाने कोरडी करा. मग घोंगडी टाका. घोंगडीच्या वरच्या बाजूला थोड्या वेळाने बारीक दव धरल्यासारखं दिसेल; ती आतली ओल बाहेर आलेली असते. अंग कोरडं झालं की घोंगडी काढा. आता रात्रीची झूल हवी की नको, हा निर्णय कोरड्या अंगावर घ्यायचा. टेम्पोत चढवतानाही हीच घोंगडी अंगावर हवी. पाणी थोडं थोडं, पण अडवू नका.

त्या शेजाऱ्याला हे सांगितलं तर म्हणाला, "भाऊ, रात्री बाराला कोण चालवणार?" मी काय सांगणार. वरातीच्या दरात पंधरा मिनिटं धरून घ्या म्हटलं.

खोकला झुलीने जात नाही

आमच्याकडे नाकाला पाणी आणि खोकला यायचा तो थंडीचा नव्हता, हे समजायला सर्वांत उशीर लागला. थंडी पडली की आम्ही पागेला चारी बाजूंनी पोती लावायचो. आत मुताचा उग्र वास, कडब्याची धूळ. वर मामा दारात शेकोटी करायचे. इकडे द्राक्षं वाचवायला गारठ्याच्या रात्री बागांत शेकोट्या पेटतात, त्यामुळे धुराची कुणाला सवयच नाही असं नाही. पण बागेतली वेल खोकत नाही.

घोड्याची फुप्फुसं धूळ, बुरशी आणि अमोनियाला फार नाजूक. पागेत शिरल्यावर तुमच्या डोळ्यांत चुरचुरलं, तर घोडा रात्रभर त्यातच होता. आता पोती फक्त उत्तरेच्या बाजूला, तीही पाठीच्या उंचीपर्यंत. वरची फट कायम उघडी. शेकोटी अंगणात, वाऱ्याची दिशा बघून. कडबा झटकून, धूळ जास्त असेल तर पाणी शिंपडून. खोकला ज्या हिवाळ्यात थांबला, त्याच हिवाळ्यात राणीवर झूल नव्हती. मामांना हे अजून पूर्ण पटलेलं नाही.

झूल असूनही थरथरतोय?

तर आणखी एक झूल टाकू नका. आधी गुदद्वारात तापमापक लावा. मोठ्या घोड्याचं तापमान साधारण ३७.५ ते ३८.५ अंश. ३८.५ च्या वर असेल तर ती थंडी नाही, ताप चढताना वाजणारी हुडहुडी आहे, डॉक्टरांना बोलवा. तापमान ठीक, पण घोडा पोटाकडे वळून बघतोय, पाय खोदतोय, लीद नाही, तर शूळ. तापमान ठीक, शेपटी आत ओढलेली, पाठ वाकलेली, केस उभे, अंग ओलं, तर गारठलाय: पुसा, वैरण टाका, लोकर घाला. नुसता अर्धा मिनिट थरथरून पुन्हा गवतात तोंड घातलं, तर त्याचं शरीर आपलं काम करतंय. तुम्ही चहा घ्या.

घासलेले खांदे

खांद्यावरचे केस गेले, मानेच्या बुडाशी पांढरे डाग आले, तर मापात चूक. माप छातीच्या मध्यापासून कुशीवरून मागे पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत घ्यायचं. पोटाखालचे पट्टे आणि पोट यांत एक हात सपाट जावा, पण खूर अडकेल इतके लोंबू नयेत. गोणपाटाच्या झुलीवर नुसती दोरी आवळतात तेव्हा सगळा दाब कण्यावर येतो. दोरीखाली कण्याच्या दोन्ही बाजूंना कापडाच्या गुंडाळ्या शिवून घ्या, म्हणजे मध्ये पोकळी राहील. खांदे घासत असतील तर आतून गुळगुळीत अस्तर.

झूल रोज पूर्ण उतरवा. झुलीखाली घोडा महिन्यात वाळला तरी कळत नाही. आठवड्यातून एकदा डोळे मिटून बरगड्यांवरून हात फिरवा, डोळे फसतात.

घोड्यालाच विचारलं तर?

हे गमतीचं वाटेल, पण नॉर्वेत खरंच विचारलंय. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात २३ घोड्यांना तीन फलक ओळखायला शिकवले: एक आडव्या पट्टीचा, म्हणजे झूल घाला, एक उभ्या पट्टीचा, म्हणजे काढा, आणि एक कोरा, म्हणजे आहे तसं राहू द्या. घोडे दोन आठवड्यांत शिकले. मग वेगवेगळ्या हवेत त्यांनी नाकाने फलक दाखवला. हवा चांगली असताना त्यांनी झूल नको म्हटलं. पाऊस, वारा आणि थंडी एकत्र आली तेव्हा हवी म्हटलं. नॉर्वेच्या घोड्यांनी जे सांगितलं तेच आमच्या तट्टाने झूल तीन वेळा दाताने फाडून सांगितलं होतं. आम्ही त्याला खोडकर म्हणत होतो.

आता रात्रीचा क्रम

संध्याकाळी कुणालाही झूल नाही. रात्री दहाला वैरणीची दुसरी खेप. अकराला मी तापमापक आणि आभाळ बघतो. आभाळ निरभ्र, वारा पडलेला, म्हणजे पहाट गार जाणार. तरी फक्त म्हातारबुवाला झूल. ढग असतील तर त्यालाही नाही, ढगाळ रात्र उबदार जाते. ओल आणि वारा असेल तर राणी आणि तट्टालाही आडोशाला घ्यायचं.

आणि एक अट, जिच्यामुळे सगळा घोळ मिटला: सकाळी सातला झूल काढणारा माणूस ठरलेला नसेल, तर त्या रात्री झूल घालायची नाही. मामांची बस अजून साडेआठलाच येते. म्हणून आता झूल माझी बायको काढते, तिच्या फिरायला जायच्या वेळेला. ती गावाला गेली तर मी. दोघंही नसलो तर म्हातारबुवाला जास्त गवत, जास्त काड आणि झुलीला खुंटी.

प्रत्येकाची झूल वेगळी. गजकर्णासारखे बुरशीचे रोग झुलीतून एकाकडून दुसऱ्याकडे जातात. होळीनंतर झुली धुवून कडक उन्हात दोन दिवस, आतली बाजू वर करून. घोंगडी गरम पाण्यात घालू नका, आकसते. वाळली की कडुनिंबाचा सुका पाला घालून पत्र्याच्या पेटीत. उंदरांना पट्ट्यांचं चामडं फार आवडतं, तेव्हा पट्टे सुटे करून वेगळे टांगा.